सहलीच्या गाडीत आजी-आजोबांची जागा

मुलांना सुट्ट्या लागल्या की आपल्या ताथवडे-वाकड परिसरातील घराघरांत एका दिवसाच्या सहलीचे बेत सुरू होतात. ठिकाण ठरते, गाडीतल्या जागा मोजल्या जातात आणि बहुतेक घरांत एक वाक्य सहज उच्चारले जाते : ‘आई-बाबांना कशाला दगदग? ते घरीच आराम करतील.’ हे वाक्य मायेपोटीच येते. मात्र हा आराम वारंवार मिळू लागला की त्याचे काय होते, हे दवाखान्यात बसून मला रोज दिसते. चालण्याचा वेग मंदावतो, भूक कमी होते, झोप दिवसाकडे सरकते आणि बोलण्याचे विषय ‘औषध घेतले का’ या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

विश्रांती हे औषध आहे, पण तिचीही मात्रा असते. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी बारा निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. त्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचा सुमारे एक किलो ऱ्हास झाला. आपल्या घरातील ज्येष्ठ दिवसभर अंथरुणाला खिळलेले नसतात हे खरे, पण सोफा ते जेवणाचे टेबल आणि टेबल ते पलंग एवढाच ज्यांचा प्रवास उरला आहे, त्यांचे पायही हळूहळू त्याच वाटेने जातात. दुसरा अभ्यास इंग्लंडमधला. पन्नाशीपुढील ६,७१० व्यक्तींची चौदा वर्षे नोंद ठेवून २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संग्रहालये, प्रदर्शने, नाटके यांना काही महिन्यांच्या अंतराने का होईना, नियमित जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. जे मुळातच धडधाकट असतात तेच जास्त बाहेर पडतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. संशोधकांनी वय, आजार आणि आर्थिक स्थिती यांचा विचार करूनही फरक उरला, एवढे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

म्हणून या अंकात सहलीविषयी लिहितो आहे, आणि तेही एका विशिष्ट प्रकारच्या सहलीविषयी : गाड्या, आगगाड्या, बसगाड्या यांची संग्रहालये पाहण्याविषयी.

वाहनांचीच संग्रहालये का?

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि त्यानंतर पाहता पाहता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत राहणारे ज्येष्ठ प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. एक, जे पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत आयुष्यभर राबून निवृत्त झाले. दुसरे, जे मुलांच्या नोकरीमुळे सातारा, लातूर किंवा विदर्भातून येथे आले आणि नातवंडे सांभाळता सांभाळता बाराव्या मजल्यावर राहू लागले. दोघांनाही जोडणारा एक धागा आहे. पहिल्यांनी गाड्या घडवल्या आणि दुसऱ्यांचे आयुष्य गाड्यांच्या वेळापत्रकावर चालले. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. अहमदनगरहून पुण्याला आली, त्यानंतरच्या दोन पिढ्यांचे शिक्षण, लग्ने, बाळंतपणे, बदल्या याच लाल गाडीच्या खिडकीतून झाल्या आहेत.

मानसशास्त्राचे एक निरीक्षण असे की, साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी उतारवयात सर्वाधिक ठळक राहतात. आज पंचाहत्तरी गाठलेल्यांचा तो काळ आठवून पाहा. वाहकाच्या हातातील तिकिटे छेदणाऱ्या चिमट्याचा टकटक आवाज, खिडकीतून डोळ्यात गेलेला इंजिनाच्या कोळशाचा कण, कर्जतला गाडी थांबली की घेतलेला बटाटावडा आणि घाट चढण्यासाठी मागून लावलेली इंजिने, सकाळी स्कूटर एका अंगावर तिरकी करून मारलेली किक. यातील एखादी गोष्ट समोर दिसली वा ऐकू आली की जिभेवर आपोआप शब्द येतात.

त्यातही हातांची स्मृती वेगळी असते. अल्झायमरच्या आजारात नव्या घटना साठवणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो. सायकल चालवणे, गिअर टाकणे, पाना फिरवणे अशा सरावाच्या कृती मेंदूच्या निराळ्या भागांत नोंदलेल्या असतात आणि त्या बराच काळ टिकतात. सकाळी काय खाल्ले हे ज्यांना सांगता येत नाही, ते गृहस्थ यंत्रासमोर उभे राहिल्यावर कोणता भाग कशासाठी आहे हे नातवाला नीट समजावून सांगू शकतात. त्या वेळी घरातील नेहमीच्या भूमिका बदलतात. एरवी सूचना ऐकणारा माणूस सांगणारा होतो, आणि माझ्या मते या सहलीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

गत आयुष्याकडे वळून पाहणे ही म्हातारपणातील स्वाभाविक आणि उपयुक्त मानसिक प्रक्रिया आहे, असे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते. त्याआधी जुन्या गोष्टी काढत बसणे हे केवळ म्हातारचळाचे लक्षण मानले जाई. पुढे संग्रहालयांनीही हा विचार उचलला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ मध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी खास भेटी सुरू केल्या, तर लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ पासून सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आपल्याला एवढ्या मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. एक घर, एक ठिकाण आणि एक सकाळ पुरेशी आहे.

कोठे जाता येईल?

पहिल्या सहलीसाठी जवळचे आणि आटोपशीर ठिकाण निवडावे. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले सायन्स पार्क आहे. तेथे मोटारगाड्यांच्या तंत्राला वाहिलेले स्वतंत्र दालन आहे. कारखान्यात काम केलेल्या आजोबांना आणि यंत्रे उघडून पाहणाऱ्या नातवाला तेथे एकत्र रमता येते. घरापासून अंतर थोडे असल्याने थकवा वाटल्यास लगेच परतताही येते.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी या पुणेकराच्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी सर्वांसाठी खुले झाले. एका छोट्या नगरातून वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना प्रकारच्या चिमुकल्या आगगाड्या धावतात. सिग्नल बदलतात, रूळ सांधे बदलतात, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस असे सगळे त्या नगरात आहे. खेळ साधारण अर्ध्या तासाचा असतो, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ही मर्यादा फार सोयीची आहे. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून खेळाच्या वेळा, पायऱ्यांची संख्या, बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय विचारून घ्यावी.

कोथरूडला मोटारीने न जाता मेट्रोने जाणे हाही सहलीचाच भाग होऊ शकतो. पिंपरीहून निघून जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदलायची आणि नळ स्टॉपला उतरून पुढे रिक्षा करायची. स्थानकांवर उद्वाहने आहेत. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, तर कोथरूडकडील मार्गिका उंच खांबांवर आहे. म्हणून तेथे घाई न करता उद्वाहनानेच वर यावे. सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना आणि उतरताना तोल जाण्याचा धोका ज्येष्ठांना अधिक असतो.

ज्यांना दूरचा प्रवास झेपतो त्यांच्यासाठी आणखी दोन ठिकाणे सांगतो. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. पुण्याहून ते सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पहिल्या महायुद्धकाळातील चिलखती मोटारीपासून युद्धात हस्तगत केलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यापर्यंत पुष्कळ काही तेथे आहे. रणगाडे उघड्यावर आहेत, तेव्हा हिवाळ्यातील सकाळच योग्य. मुंबईत आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात जुनी तिकिटे, तिकीटयंत्रे आणि बस-ट्रामच्या प्रतिकृती आहेत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तिच्यात बसलेली माणसे आज साठीच्या पुढची आहेत. ती घरात असतील तर त्यांचे ऐकून घेण्याचा हा काळ आहे. माथेरानची १९०७ सालची छोटी गाडी अनेकांना खुणावते, परंतु माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने तेथील चालणे ध्यानात घेऊनच निर्णय घ्यावा.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रथम हे पाहावे की जाणे सुरक्षित आहे का. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखण्याचे प्रमाण अलीकडे वाढले असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, नव्याने चक्कर येत असेल किंवा ताप असेल, तर बेत पुढे ढकलून आपल्या डॉक्टरांना भेटावे. जुना आणि आटोक्यात असलेला रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी ही घरी बसण्याची कारणे नव्हेत.

आजी-आजोबा इमारतीच्या आवारात न थांबता किती चालतात, ते आठवडाभर आधी पाहून ठेवावे. सहलीत एका वेळी त्याच्या निम्मेच चालणे ठरवावे आणि मध्ये बसावे. चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. ती नेण्यात कमीपणा वाटतो, म्हणून पुष्कळजण नकार देतात. त्यांना मी एवढेच सांगतो की, खुर्ची चालणे थांबवण्यासाठी नाही. वाहनतळापासून दारापर्यंतचे चालणे वाचवून ते आतल्या गाड्यांभोवती वापरण्यासाठी ती आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. रहदारीत अडकल्यास उपयोगी पडावा म्हणून खाऊ हाताशी ठेवावा, गाडीच्या डिकीत नव्हे. हातपाय थरथरणे, घाम, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळ अशी लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज द्यावे. पंधरा मिनिटांत सुधारणा न झाल्यास पुन्हा तेवढेच द्यावे आणि त्यानंतर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ वर संपर्क साधावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत इन्सुलिन ठेवू नये, तेथील उष्णतेने ते निकामी होते.

अंधार-उजेडाचाही विचार हवा. वयानुसार डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. खेळासाठी दालनातील दिवे मंद होण्याआधीच ज्येष्ठांना जागेवर बसवावे, आणि खेळ संपल्यावर गर्दी बाहेर पडेपर्यंत बसूच द्यावे. उठताना आधी पावले वरखाली हलवावीत, मग उभे राहून क्षणभर आधार धरावा आणि नंतर चालावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर येणारी भोवळ यामुळे बरीच टळते. श्रवणयंत्र असेल तर मोठ्या आवाजाच्या दालनात त्याची पातळी कमी करावी. दूरच्या प्रवासात दर तास-दीड तासाने थांबून पाय मोकळे करावेत.

ज्याविषयी घरात कोणी बोलत नाही

माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक सहलीला ‘गुडघे दुखतात’ म्हणून नकार देत. गुडघे तपासले तर फारशी तक्रार नव्हती. सूनबाईंना जरा बाहेर बसायला सांगून मी विचारले, तेव्हा त्यांनी खाली पाहत सांगितले, ‘डॉक्टर, दर तासाला जावं लागतं. एका लग्नात कपडे खराब झाले. पुन्हा ती पाळी नको.’ त्या दिवशी ते पाणीही न पिता घरून निघाले होते आणि त्यामुळे लघवीची जळजळ वाढली होती. प्रोस्टेटची तपासणी झाली, उपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी नातवासोबत आगगाड्या पाहायला जाण्याची त्यांनी स्वतःहून चौकशी केली.

‘नको, मला कंटाळा येतो’ या नकारामागे पुष्कळदा लघवीची भीती असते, आणि ही गोष्ट मुलगा वा सुनेपाशी बोलणे आपल्या पिढ्यांना फार जड जाते. स्त्रियांमध्ये खोकताना, हसताना लघवी होण्याचा त्रास आहे, तोही अनेक जणी वर्षानुवर्षे लपवतात. यावर उपचार आहेत. वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठ बाहेर जाणे टाळू लागले असतील, तर त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची संधी द्यावी. सहलीच्या दिवशी पाणी बंद करू नये, थोडे थोडे देत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर ते पाळावे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी असते. ती त्या दिवशी परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने टाळू नये. कोठेही पोहोचल्यावर तिकीट काढण्याआधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून यावे, आणि ‘बाबा, जायचंय का?’ असे चारचौघांत न विचारता ‘चला, मीही जाऊन येतो’ असे म्हणावे. कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत निमूटपणे असावा.

स्मृतिभ्रंश असेल तर

सकाळची वेळ निवडावी, कारण संध्याकाळी गोंधळ वाढतो. सुट्टीच्या दिवसांतील गर्दी टाळून मधल्या वारी गेल्यास उत्तम. नाव आणि घरच्यांचा मोबाइल क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढून ठेवावे. हरवल्यास वर्णन सांगताना त्याचा फार उपयोग होतो.

आत गेल्यावर परीक्षा घेऊ नये. ‘ओळखा पाहू, हे कोणतं इंजिन?’ असे विचारले आणि उत्तर आले नाही, तर नातवंडांसमोर अपमान झाल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘तुमच्या वेळी गावाला कसं जायचात?’ असे विचारावे. या प्रश्नाला चुकीचे उत्तर नसते. गावाचे नाव किंवा साल चुकले तरी दुरुस्ती करू नये. कधी आठवण दुःखाची निघेल, एखादा अपघात किंवा सुटलेली नोकरी. तेव्हा विषय घाईने बदलू नये. हात हातात घेऊन ऐकावे, ते ओसरते. अस्वस्थता वाढत असेल, ‘घरी चला’ असे पुन्हा पुन्हा म्हटले जात असेल, तर उरलेले दालन सोडून परत फिरावे. तिकिटाचे पैसे वसूल होणे हे सहलीचे उद्दिष्ट नाही.

सोबत नेणाऱ्यांसाठी

लहान मूल गाडी दिसली की धावत सुटते आणि ज्येष्ठ तिथेच थबकतात. दोघांना एकच प्रौढ सांभाळू लागला की अपघात होतात. म्हणून किमान दोन प्रौढ हवेत. एकाने मुलाकडे आणि दुसऱ्याने आजी-आजोबांकडे लक्ष द्यायचे, हे घरून निघतानाच ठरवावे.

आणखी एका व्यक्तीचा विचार करावासा वाटतो. डबे भरणारी, औषधे बांधणारी, पाण्याच्या बाटल्या मोजणारी घरातील स्त्री अनेकदा संपूर्ण सहल दाराशी पिशव्या धरून उभी असते. वर्षभर सेवा करणाऱ्या व्यक्तीला थकवा, पाठदुखी, निद्रानाश, उदासी यांनी ग्रासलेले मी वारंवार पाहतो. त्या दिवशी जेवण बाहेरून घ्यावे, पिशव्या मुलाने उचलाव्यात आणि तिलाही तो अर्धा तास निवांत बसून आगगाड्या पाहू द्याव्यात. सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली तर घरातील रुग्णाची व्यवस्था सर्वांत आधी कोलमडते, हे व्यवहारानेही लक्षात घ्यावे.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी थोडा थकवा जाणवेल. त्या दिवशी हलका आहार आणि नेहमीपेक्षा जरा अधिक विश्रांती पुरेशी आहे, दिवसभर अंथरूण धरण्याची आवश्यकता नाही. मात्र एका पायाला सूज आणि दुखणे, नव्याने लागणारी धाप, छातीत दुखणे किंवा एकाएकी वाढलेला गोंधळ असल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

येत्या सुट्टीचा बेत आखताना आजी-आजोबांविषयी परस्पर निर्णय घेण्याऐवजी त्यांना समोर बसवून तीन गोष्टी विचाराव्यात : कोठे जायला आवडेल, कशाची भीती वाटते आणि काय सोबत असले तर बरे वाटेल. पहिली सहल दोन तासांचीच असू द्या. ती नीट पार पडली, तर पुढच्या वेळी गाडीत पुढची जागा कोणाची हा प्रश्न नातवंडेच सोडवतील.